“कसा गेला?” याला काय सांगायचं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नशेचा डोस जास्त होऊन घरातलं माणूस गेलं आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या प्रश्नांना तोंड देववत नाही, अशी पत्रं मालवणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांतून आली आहेत. त्यातली सात इथे घेतली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उत्तरं मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती समुपदेशक आणि वकील यांनी मिळून लिहिली आहेत.

माझा २४ वर्षांचा मुलगा ब्राउन शुगरने गेला. आज सतरावा दिवस. समाचाराला येणारी प्रत्येक बाई टेकायच्या आधी विचारते, “झिलाक काय झाला गो?” यांचं म्हणणं, हार्ट अटॅक सांग आणि मोकळी हो. मुलगी म्हणते, खोटं सांगितलंस तर मी माणसांत येऊन बसणार नाही. मी काय सांगू?
– एक आई, मालवण तालुका

हार्ट अटॅक सांगू नका. ते निभावणार नाही. पोलिसांची जीप वाडीत आलेली सगळ्यांनी पाहिली आहे, देह शवविच्छेदनाला गेला हेही सगळ्यांना ठाऊक आहे. चोविसाव्या वर्षी हार्ट अटॅक म्हटलं की लगेच पुढचे प्रश्न येतात. आधी छातीत दुखायचं का, कुठल्या डॉक्टरला दाखवलं, ईसीजी काढला होता का. एका खोट्याला आणखी पाच जोडावी लागतात आणि ती घरातल्या तिघांनी तशीच्या तशी लक्षात ठेवावी लागतात. वर्षश्राद्धाच्या आत कुणाच्या तरी तोंडून दुसरं काही निघून जातं. शिवाय लोक येऊन सांत्वन करतात ते घडलंच नाही अशा मरणाचं, आणि तुमचं खरं दुःख आत तसंच राहतं. मुलीला बहुधा हेच म्हणायचं आहे.

पण खरं सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं असं नाही. उत्तराची तीन मापं ठरवा. पहिलं सगळ्यांसाठी, एका दमात संपणारं: “तेका नशेचो आजार होतो. तेच्यातच गेलो.” दुसरं सख्ख्या नातेवाइकांसाठी: “पावडर जास्त झाली आणि झोपेत श्वास थांबला, गुरुवारी पहाटे.” तिसरं माप म्हणजे सगळी हकीकत. पैसे कुठून आणायचा, किती वेळा सोडलं, किती वेळा पुन्हा धरलं, शेवटचं भांडण कशावरून झालं, हे ज्यांच्यापाशी रडता येतं अशा एक-दोन माणसांसाठी. बाकी कुणाचाही त्यावर हक्क नाही.

‘आजार’ हा शब्द आम्ही लाज झाकायला दिलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे धरलेल्या आहेत. कुणी ‘गर्दुल्लो’ म्हणालं तर वाद घालू नका. तुमच्या पुढच्या वाक्यात ‘आजारी होतो’ एवढंच म्हणा. चार वेळा ऐकलं की समोरचाही तोच शब्द वापरायला लागतो.

पहिलं वाक्य स्वयंपाकघरात एकट्याने दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य माणसं समोर आली की तुटतं. सगळ्यात जास्त चूक होते ती वाक्य संपल्यावर. समोरची गप्प बसते, ती शांतता सोसवत नाही, आणि आपण ती भरायला बोलत सुटतो. मग नको त्या गोष्टी बाहेर येतात आणि रात्री पुन्हा त्याच आठवून झोप उडते. वाक्य संपलं की पाण्याचा तांब्या हातात घ्या, घोटभर प्या, आणि दुसरं वाक्य म्हणा: “याच्यापुढे आज बोलवत नाय.” मग समोरचीला काहीतरी काम द्या. उद्याचं दूध, गुरांचा चारा, लाइटबिल, काहीही. पुष्कळ बाया विचारत राहतात ते दुसरं काय बोलावं हे सुचत नाही म्हणून. हातात काम आलं की त्यांनाही सुटल्यासारखं होतं.

पडवीत दाराजवळच्या खुर्चीवर दीर, भाचा, कुणीतरी एक बसवा. नव्या माणसाने आधी त्याच्याशी बोलायचं, पहिलं वाक्य त्यानेच सांगायचं आणि आत सोडताना एवढंच म्हणायचं, “वैनीक कायएक विचारू नकात.” कोकणात हे चालतं. लोक ऐकतात.

यजमानांची तयारी नसेल तर त्यांना जबरदस्तीने खरं बोलायला लावू नका. “आम्ही त्याबद्दल आत्ता बोलत नाही,” एवढं त्यांनी म्हणावं. खोटं नाही आणि खुलासाही नाही, या मधल्या जागेवर तिघांचं जमू शकतं. मुलीलाही ते पटेल असं वाटतं.

मुलगा चार महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता. घरी आल्यावर अकराव्या रात्री गेला. मी दोनच्या सुमारास उठलो तेव्हा तो जोरजोरात घोरत होता. दमलाय, झोपू दे म्हटलं. सकाळी अंग गार. लोक विचारतात, घरात असून कळलं कसं नाही? मीही स्वतःला तेच विचारतो.
– एक वडील, गुहागर तालुका

त्या रात्री काय घडलं ते आधी समजून घ्या, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

मेंदूच्या तळाशी श्वास चालू ठेवणारं केंद्र असतं. ब्राउन शुगर हे अशुद्ध हेरॉइन आहे, आणि ते या केंद्राला मंद करतं. एरवी अंगात कार्बन डायऑक्साइड साठला की माणूस झोपेतही धडपडून श्वास घेतो. नशेत ती धडपडच विझते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखी लवकर. जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, अर्धी बंद झालेली वाट उरते आणि तिच्यातून हवा जाताना घोरल्यासारखा, गुरगुरल्यासारखा आवाज येतो. बाहेरून तो अगदी गाढ झोपेचा वाटतो. हे बऱ्याचदा तासभर, कधी त्याहून जास्त चालतं. म्हणून ‘वेळ होता’ ही टोचणी अशा घरांत फार खोल जाते.

दुसरी गोष्ट चार महिन्यांची. नशा बंद राहिली की शरीराची ती सोसण्याची ताकद काही दिवसांत-आठवड्यांत उतरते. डोक्यात मात्र जुनंच माप असतं. पूर्वी रोज घ्यायचा तेवढीच पावडर आता जीव घेते. केंद्रातून, तुरुंगातून किंवा लांबच्या आजारपणातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे असतात. ही गोष्ट घरी सोडताना कुटुंबाला बसवून, लिहून सांगायला हवी. तुम्हाला ती कुणी सांगितली होती का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

तेव्हा ओळखता आलं असतं आणि वेळेत इलाज मिळाला असता तर कदाचित तो वाचला असता. हे आम्ही लपवत नाही, कारण लपवलं तर पुढचं काही तुम्हाला खरं वाटणार नाही. पण ओळखायला जी माहिती लागते ती तुमच्याकडे नव्हती. बापाने झोपलेल्या लेकराला झोपू दिलं, एवढंच त्या रात्री घडलं.

लोकांना सांगायचं ते असं: “ते घोरणं नव्हतं, श्वास अडकत होता. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, तुम्हालाही सांगतो.” आणि खरोखर सांगा, कारण पंचक्रोशीत तुमच्या मुलाच्या वयाची आणखी पोरं आहेत. साधं घोरणारा हलवला की कूस बदलतो. नशेत बुडालेला मोठ्याने हाक मारली, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या गाठींनी जोरात चोळलं तरी उठत नाही. दोन श्वासांमध्ये लांब खंड पडतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास असतात, इथे ते दहाच्या खाली जातात. ओठ आणि नखं निळसर किंवा राखेसारखी होतात. पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसते.

असं दिसलं की १०८ ला फोन करून “श्वास नीट घेत नाही” हे शब्द आधी सांगायचे. मग कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवायचा, हनुवटी किंचित वर. श्वास थांबलाच तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं आणि येत असेल त्याने ३० दाबांमागे तोंडाने २ श्वास द्यायचे. लिंबूपाणी, मिठाचं पाणी, ताक काहीही तोंडात ओतायचं नाही. गिळण्याची शुद्ध नसते, ते फुप्फुसात जातं. न्हाणीघरात नेऊन डोक्यावर घागरी ओतणं, दोघांनी धरून अंगणात चालवणं, यात हातची वेळ जाते. दवाखान्यात या नशेवरचा उतारा, नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात. त्याने पाच-दहा मिनिटांत माणूस डोळे उघडू शकतो, पण त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो आणि पावडरीचा त्याहून जास्त राहू शकतो. शुद्धीवर आला म्हणून घरी आणायचं नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यांवर वाहून आलेल्या चरसच्या पाकिटांचा संबंध लोक लावतात, असंही तुम्ही पत्रात लिहिलं आहे. चरस श्वासाच्या केंद्राला ब्राउन शुगरसारखं मारत नाही. तो तर्क ऐकून सोडून द्या, तुम्ही त्यात भर घालू नका.

झोप न लागणं, तो आवाज पुन्हा पुन्हा कानात येणं हे सुरुवातीचे महिने होतंच. सहा महिने उलटल्यावरही रोजचं काम होत नसेल, जेवण जात नसेल, तर ते दुःख इलाज करण्याजोगं असतं. जगावंसं वाटत नाही असं मनात आलं तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवायला ‘वेड लागलेलं’ असावं लागत नाही.

भाऊ मुंबईत भाड्याच्या खोलीत गेला. आम्ही दापोलीला. पोलीस, बँक, विमा, ग्रामपंचायत, प्रत्येक टेबलावर ‘कशाने?’ विचारतात. कुठे सांगणं भाग आहे? मृत्यूच्या दाखल्यावर ड्रग्ज लिहून येतं का?

नाही येत. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे आणि त्याच्या कलम १७ मध्येच म्हटलं आहे की नोंदीचा जो उतारा माणसाच्या हातात दिला जातो त्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. त्यामुळे बँकेत, वारसनोंदीला, शाळेत दाखला बिनधास्त द्या. नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या कार्यालयात होते, म्हणजे तुमच्या बाबतीत मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात. गावची ग्रामपंचायत हा दाखला देऊ शकत नाही, तिथे खेपा घालू नका. २१ दिवसांच्या आत नोंद झाली की शुल्क नाही. उशीर झाला तरी होते, पण परवानग्या वाढत जातात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा, प्रत्येक टेबल मूळ प्रत मागतं.

पोलिसांना मात्र खरं आणि पूर्ण सांगायचं. अशा मृत्यूची ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणून नोंद होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी चालते. १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ होतं. आकस्मिक मृत्यूची नोंद म्हणजे कुणावर गुन्हा नव्हे. भाऊ नशा करायचा म्हणून घरच्यांवर केस होत नाही. बाईचा किंवा ६० वर्षांवरच्या पुरुषाचा जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं असतं. आईला मुंबईला नेऊन पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवू नका. जबाब टाइप झाल्यावर वाचून घ्या. “वैतागला होता” चं “जीवनाला कंटाळला होता” झालेलं असू शकतं, आणि तेवढ्याने अपघाताची आत्महत्या होऊन बसते.

खोलीत पुडी, फॉइल, सुई सापडली तर दयेपोटी किंवा अब्रूपोटी ती फेकू नका आणि खिशातही घालू नका. अमली पदार्थ जवळ बाळगणं हाच १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे. पंचनाम्यात दाखवा. मोबाइल ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा. त्यातले मेसेज पुसायचे नाहीत, तो पुरावा आहे.

शवविच्छेदनाच्या कागदावर ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन’ असं लिहिलेलं असेल. जठर आणि त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडं आणि रक्त यांचे नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. तिथून रासायनिक पृथक्करणाचा अहवाल येतो, पोलिसांच्या बोलण्यातला ‘सीए रिपोर्ट’. तो यायला महिने लागतात. तोवर कुणी कारण विचारलं तर “अहवाल यायचाय” हे शंभर टक्के खरं उत्तर आहे. पुष्कळ घरांना या कागदाने श्वास घ्यायला सवड मिळते. अहवाल आला की पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूचा क्रमांक सांगून प्रतीसाठी अर्ज करा.

विम्याला खोटं कारण लिहिलंत तर दावा अडकतो, कारण ते शवविच्छेदनाचा अहवाल मागू शकतात. आधी भावाचं पासबुक बघा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना, २ लाखांची. योजना घेतल्यापासून पहिले ३० दिवस उलटून गेले असतील तर मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी ती लागू असते. अर्ज त्याच बँकेत करायचा. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना अपघाताची आहे. तिच्यात आणि खासगी पॉलिसीच्या जादा अपघात लाभात नशेच्या अमलाखालच्या मृत्यूवरून वाद होऊ शकतो. मूळ आयुर्विम्याची रक्कम वेगळी, ती सोडून देऊ नका.

दीर गेला त्याला दीड महिना झाला. त्याची सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे आहे. तो पूर्वी ट्रॉलरवर जायचा म्हणून आम्ही तिला ‘बाबा बोटीवर गेलाय’ असं सांगितलं. आता ती रोज संध्याकाळी जेटीवर न्या म्हणून हट्ट करते. एक-एक बोट लागताना बघत बसते.
– एक काकू, रत्नागिरी

आजच दुरुस्त करा. उद्या शाळेतलं कुणीतरी पोर तिला सांगेल, आणि मग बाप गेल्याचं दुःख राहील बाजूला, घरच्यांनी फसवलं हेच तिच्या मनात बसेल.

तिच्या सगळ्यात जवळच्या माणसाने सांगायचं, आई असेल तर आईनेच. दिवसा, घरी, ती भुकेली किंवा झोपेला आलेली नसताना. शब्द साधे आणि पक्के हवेत: “बाबा बोटीवर गेलाय असं आम्ही सांगितलं ते खरं नव्हतं. आम्हाला खूप रडू येत होतं म्हणून चुकलं. बाबा मेला. त्याचं शरीर बंद पडलं, तो आता परत येणार नाही.” ‘मेला’ हा शब्द कानाला खटकतो, तरी तोच वापरा. ‘झोपला’ म्हटलं की मूल रात्री झोपायला घाबरतं, ‘देवाला आवडला’ म्हटलं की देवाला आपणही आवडू अशी भीती धरतं.

कशाने, असं ती विचारेलच. “बाबाला एक आजार होता. त्यात एक वाईट पावडर घ्यावीशी वाटायची, नको म्हटलं तरी थांबता यायचं नाही. ती पावडर जास्त झाली.” इथे ‘औषध’ म्हणायचं नाही. पुढच्या तापात पॅरासिटामॉलचं सिरप बघून ती तोंड घट्ट मिटेल.

पाच मिनिटांनी ती अंगणात खेळायला जाईल. त्याने दचकू नका, या वयाची मुलं दुःख घोटाघोटाने घेतात. रात्री परत तोच प्रश्न, चार दिवसांनी परत. उत्तर दर वेळी तेच आणि त्याच शब्दांत द्या. तिने विचारलं नाही तरी तीन गोष्टी सांगून ठेवा: तू काही केलंस म्हणून हे झालं नाही, सर्दीसारखं हे तुला लागणार नाही, आणि तुझं जेवणखाण, शाळा आम्ही बघणार आहोत. तिसरीत नावं घ्या. कोण डबा करणार, कोण शाळेत सोडणार. वर्गशिक्षिकेला भेटून तिला काय सांगितलंय ते सांगा, म्हणजे शाळेत वेगळं काही कानावर पडणार नाही.

जेटीवर जाणं एकदम तोडू नका. तिला हवं असेल तर घेऊन जा, आता खरं माहीत असताना.

नवरा गेल्यावर सासरच्यांनी देवळात कौल लावला. करणीचं निघालं आणि त्यांनी शेजारच्या घराचं नाव घेतलं. चुलत सासू मला पांढऱ्या पायाची म्हणते. ‘तू कसं सांभाळलं नाहीस?’ हे तर रोजचं. अपमृत्यू आहे म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचाय, त्यासाठी माझं मंगळसूत्र मोडा म्हणतात.
– राजापूर तालुका

मंगळसूत्र देऊ नका. ते तुमचं स्त्रीधन आहे. विधीवर सासरच्यांची श्रद्धा असेल तर त्यांनी त्यांच्या ऐपतीने, कर्ज न काढता करावा. त्याला आमचा विरोध नाही, काही घरांना त्याने खरोखर शांत वाटतं. पण विधीचा खर्च हा तुमच्या चुकीचा दंड म्हणून वसूल होत असेल तर तो विधी राहत नाही.

शेजाऱ्यांवर करणीचा आळ घेणं महागात पडेल. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, आणि अमुक माणूस करणी करतो म्हणून त्याला त्रास देणं हा त्याखाली गुन्हा आहे. हे सासऱ्यांना गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून ऐकवा, तुम्ही स्वतः सांगायला जाऊ नका.

“कसं सांभाळलं नाहीस?” याला एकच उत्तर, न चिडता, दर वेळी तेच: “आजार त्याचा होता, मी सोबत होते.” याच्यापुढे सफाई द्यायची नाही. किती वेळा खिसे तपासले, किती वेळा पाया पडलात ते सांगायला लागलात की समोरचा न्यायाधीश होऊन बसतो.

घराबाहेर काढतील अशी भीती पत्रात दिसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. हिंदू वारसा कायद्यात नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत तुम्ही, मुलं आणि सासूबाई समान वारस आहात. हक्कसोडपत्रावर दुःखाच्या दिवसांत सही करू नका. महिला हेल्पलाइन १८१. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

गणपतीला मुंबईचे सगळे येतील. पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न. यंदा गणपती आणूच नये का?
– देवगड

आणायचा की नाही ते घराच्या रीतीप्रमाणे ठरू द्या, लोक विचारतील म्हणून नको. चतुर्थीच्या दहा-पंधरा दिवस आधी मुंबईतल्या एका वडीलधाऱ्याला फोन करून पहिलं वाक्य सांगा आणि म्हणा, “बाकीच्यांना तुम्हीच कळवा, आणि इथे आल्यावर त्याच्या आठवणी काढा, पण कसा गेला ते विचारू नका.” आठवणी काढायला सांगणं महत्त्वाचं आहे. नाहीतर सगळे त्याचं नावच टाळतात, आणि आरतीला ढोलकी कोण वाजवायचा ते सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नाही.

मी २१ वर्षांचा. मित्र गेला त्या रात्री मी त्याच्यासोबत होतो. १०८ ला फोन केला, पण घाबरून नाव न सांगता पळालो. आता त्याची आई मला बाजारात गाठून विचारते, “शेवटी काय बोलला रे तो?”
– श्रीवर्धन तालुका

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ संरक्षण देतं. नशेच्या प्रसंगी थांबून मदत करणाऱ्यासाठी तसं स्पष्ट कलम आपल्याकडे नाही. म्हणून तुझ्यासारखी पोरं पळतात, आणि ते कलम यायला हवं असं आमचं ठाम मत आहे. तरी फोन तू केलास. तो केला नसतास तर आज वेगळं पत्र लिहावं लागलं असतं.

आधी वकील. राष्ट्रीय विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही जाता येतं. पोलिसांनी बोलावलं तर वकिलाशी बोलून जा, पण जा. तू स्वतः अजून घेत असशील तर त्याच आठवड्यात उपचार सुरू कर, १४४४६ वर जवळचं सरकारमान्य केंद्र कळतं. अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४ अ असं आहे की व्यसनी माणूस आपणहून अशा केंद्रात उपचार घ्यायला गेला तर सेवनाच्या गुन्ह्यातून त्याला सूट मिळते, उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. आणि त्याच पुडीतलं आणखी कुणाकडे असेल तर त्याला आज सांग.

मग त्याच्या आईकडे जा. बाजारात नाही, घरी, आणि वकिलाने हो म्हटल्यावर. सोबत तिला मान असलेलं एखादं मोठं माणूस घे. दुपारी जा, घरात पाहुणे नसताना. ती विचारते तेवढंच सांग. तिला कुणी दिलं, किती दिलं यापेक्षा तो दुखत होता का, घाबरला होता का, तिचं नाव काढलं का हे हवं असतं. त्याने तिचं नाव काढलं नसेल तर काढलं म्हणून सांगू नकोस. आठवत असेल ते सांग, कुठलं गाणं लावलं होतं, काय खाल्लं, कशावर हसला. “त्याला कळलं नाही, तो आधी झोपला” हे खरं असेल तर ते नक्की सांग. पळाल्याचं तू स्वतःच, पहिल्या पाच मिनिटांत सांग. ती ओरडेल, कदाचित हाकलेल. तरी आठवड्याभराने पुन्हा जा, आणि तिला रिपोर्टसाठी तालुक्याला खेप घालायची असेल तर सोबत येतो म्हण.